चंद्रीचा अंतरपाट

आमच्या सशांच्या लग्नाचं तुम्हाला सांगितलं का? एकाहत्तर साली आम्ही राहात्याला होतो. आमच्या चंद्रीसाठी शेजारच्या वहिनींकडून नर मागून आणला आणि थेट तिच्या पिंजऱ्यात सोडला. तिने त्याचा कान रक्तबंबाळ केला! आता लोकांचा ससा परत कोणत्या तोंडाने द्यायचा, म्हणून मी रडकुंडीला आले.

सासूबाई पाथर्डीकडच्या. म्हणाल्या, “आगं, अंतरपाट न धरता लगीन लावतं का कुनी?” आणि पिंजऱ्यात मधोमध तारेची जाळी उभी केली.

आठवडाभर दोघं जाळीतून एकमेकांचा वास घेत राहिले. मग जाळी काढली, तर चंद्री त्याचा कान चाटायला लागली.

सासूबाई म्हणाल्या, “आमाला आठ दिस बघाया मिळालं असतं, तर मीबी चावले नसते.”

सासऱ्यांनी पेपर तोंडापुढे धरला.