आवाज न करणारी रिक्षा

माउली हो, आज एकच विचारतो! एखादी गोष्ट चांगली आहे हे डोक्याला पटतं, तोंडाने आपण तिचं कौतुक करतो — मग पाय तिकडे का वळत नाहीत? हां! खाली बघू नका, माझ्याकडे बघा!

देवीच्या डोंगराखालचं एक गाव. मारुती तोडकर तिथे डिझेलची टमटम चालवायचा. बायको शेवंता गाड्यांच्या अड्ड्यावरच ओटीचे खण-नारळ विकायची. सगळा धूर तिच्या छातीत! डॉक्टर म्हणाले, "बाईंना धुरापासून लांब ठेवा." लांब म्हणजे कुठे? पोट तर तिथेच! मारुतीने टमटम काढून टाकली, बॅटरीची रिक्षा आणली. म्हणाला, "शेवंते, मी सुरुवात करतो. लोक बसायला लागले की बाकीचेबी बदलतील. मग घे मोकळा श्वास."

लोकांनी रिक्षाला हार घातला. पेढे खाल्ले. आणि बसले कुठे? डिझेलच्या गाडीत!

पाटणे गुरुजींचा मुलगा नॉर्वेला. त्याने मोबाइलवर तिकडचे रस्ते दाखवले — जिकडे तिकडे बॅटरीच्या गाड्या! चीनमध्ये तर बससुद्धा तशाच! अड्डा हरखून गेला. "ते लोकच वेगळे हो!" म्हणत गुरुजी उठले... आणि धुराच्या टमटममध्ये चढले! हसताय? हसा, हसा!

मारुतीने विचारलं, "गुरुजी, माझ्या गाडीत वाईट काय?"

"वाईट काही नाही रे. पण आवाजच नाही! घाटात जीव धाकधूक करतो."

यात्रा आली. देवीचा मुखवटा ज्याच्या गाडीतून मिरवतो, वर्षभर त्याच्याच गाडीला गर्दी. मारुतीने मानकऱ्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "अरे, देवी निघाली हे गावाला कळायला नको? आवाज पाहिजे!" मुखवटा डिझेलच्या टमटममध्ये बसला. मागे आरतीचं ताट घेऊन शेवंता. काळ्या धुरात ती खोकली, वाकली, ताट खाली पडलं. मारुतीने तिला रिक्षात घातलं, दवाखाना गाठला — पण तोवर सगळं संपलं होतं!

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. तिरडी उचलणार, तेवढ्यात गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "मारुती, हिला तुझ्याच गाडीतून नेऊ. शांत आहे. अशा वेळी आवाज नको."

माउली हो, तेव्हा गावाने ती गाडी आपली मानली! आता मयत झाली की मारुतीला हाक. तो येतो, मयत स्मशानात पोचवतो. शेवंताच्या जागी दुसरीच बाई नारळ विकते. तीही खोकते.

आता तुम्ही उठाल. बाहेर तुमच्या गाड्या चालूच ठेवल्यात, वास इथवर येतोय. अरे बाबांनो, मारुतीच्या गाडीत बसायचं तर सगळ्यांनाच आहे! एवढंच सांगा — आपल्या पायांनी चढणार, की चौघांनी उचलून ठेवायची वाट बघणार?