दोन ढगांची सोयरीक

हॅलो?… कोण? अगं चिमणे, तू होय! बोल, आजीच बोलतेय. तुझी आई गच्चीत कपडे वाळत घालतेय… काय? लग्न मोडायचं?… माझ्यामुळे?… आणि हे सांगायला नवऱ्या मुलाच्याच घरी जाऊन बसलीयस?

हो, हो… धुतले मी कप. त्याच्या आजीच्या घरी, तिच्याच मोरीत, तिच्यादेखत. आत चहाचा डाग होता… आधीच धुतलेले होते? मग आणखी स्वच्छ झाले, बिघडलं काय! आणि ती मला उद्धट म्हणाली, ते कुणी नाही सांगत… असेल मुख्याध्यापिका, तिच्या शाळेत!

अगं, रडू नकोस… ऐक ना… त्या तुझ्या दुर्बिणीत सध्या काय चाललंय ते सांग बघू. तेवढंच रडू थांबेल.

ढग?… पावसाचे नव्हेत, वायूचे, माहितीये, मागे सांगितलंस. दोन ढग येऊन एकमेकांवर आदळले… अगं बाई, नक्की कुणाच्या तरी आज्या असणार!… मग, झाला चुराडा?… नाही?… मधल्यामध्ये वायू दाबला जातो… हं… घट्ट होतो… आपल्याच वजनानं आत कोसळतो… आणि तारे जन्मतात? टकरीतून?

मग आम्ही दोघींनी असं काय वाईट केलं गं?… फार वेगानं आदळले तर विस्कटतात? तारा जन्मायच्या आतच?… हं. हा टोमणा मला आहे ना? कळतं हो. शाळा सोडली मी, अक्कल नाही सोडली.

बरं, तारा व्हायला वेळ किती लागतो?… लाखो वर्षं?! माझे गुडघे थांबायचे नाहीत तेवढे. दे त्याच्या आजीला फोन… हो, माफी मागते. आयुष्यात कधी मागितली नाही, जमेल तशी मागते. दे.

…नमस्कार. त्या दिवशी माझं चुकलं… ऐकू नाही आलं? चुकलं माझं!… आता तिसऱ्यांदा नाही हं म्हणणार… तुमचंही? असू द्या हो… पोरांचं काय विचारता! रात्रभर दुर्बीण, दिवसा झोप, जेवण उभ्या उभ्या… तुमचाही तसलाच? बघा! म्हणूनच म्हणते, लग्न लांबवायचं कशाला?… पुढच्याच महिन्यात? अगदी माझ्या मनातलं बोललात!

मागे कोण ओरडतंय?… 'मला विचारा' म्हणतेय? तिला म्हणावं, गप्प बस, मोठी माणसं बोलतायत… फोन मागतेय? मुळीच देऊ नका. तारीख आपण दोघी ठरवू, तिला मागाहून कळवू… हं, ठेवा.