विचारलं तेवढंच

(रविवारची दुपार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागदांचा पसारा. दोन बाजूंना भाऊ-बहीण. आतल्या खोलीत डब्याचं झाकण पडतं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहतं.)

दादा : उठली वाटतं तुझी लेक.

धाकटी : नाही रे, पाय लागला असेल कशाला तरी. झोपेतही सायकल चालवत असते बिट्टी.

दादा : मामाच्या ड्रायव्हिंग स्कूलची पहिली विद्यार्थिनी! बरं, पुन्हा पहिल्यापासून. उद्या सव्वादहाला व्हिसाच्या खिडकीपलीकडे जो कोणी बसलेला असेल, तो मी. तू अर्जदार. ताठ बस. नाव झालं, वय झालं. आता सांगा, तुम्ही काय काम करता?

धाकटी : दातांच्या लॅबमध्ये असते. कवळ्या करते. म्हणजे डॉक्टरकडून माप येतं ना, त्यावरून आम्ही आधी मेणात दात बसवून बघतो, मग...

दादा : थांब. साहेबानं कवळी मागवलीय का?

धाकटी : नाही.

दादा : मग? विचारलं तेवढंच सांगायचं. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी रोज हेच सांगतो. इन्स्पेक्टर म्हणाला डावीकडे घे, की डावीकडे घ्यायची. उजवीकडे काय काय आहे ते त्याला दाखवत बसायचं नाही.

धाकटी : दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. साडेतीन वर्षं.

दादा : शाब्बास. आमच्या देशात का यायचंय?

धाकटी : ऊन आहे म्हणून.

दादा : अगं!

धाकटी : खरं तेच सांगितलं. हे कपडे बघ, चौथा दिवस आज, तरी दोरीवर ओलेच. भिंतीला पाठ टेकली तर पाठ ओली. आणि त्यांच्या त्या चकचकीत पुस्तिकेत बारा महिने ऊन लिहिलंय.

दादा : ते सहलीला येणाऱ्यांसाठी. तू एवढंच म्हण, तिथल्या लॅबनं मला सहायक म्हणून घेतलंय, पत्र जोडलंय. संपलं.

धाकटी : तिथे ऊन खायला येऊन राहिलेले म्हातारे चिक्कार, म्हणून कवळ्या चिक्कार, म्हणून मी. हे तरी सांगू?

दादा : तोंडातून शब्द काढू नकोस. साहेबाचीच कवळी निघायची.

धाकटी : असली तर मला कळेलच. नवी असली की माणूस बोलताना जरा शिट्टी वाजवतो.

दादा : शिट्टी तुझी वाजेल. पुढे. तुम्हाला मुलं आहेत का?

धाकटी : एक मुलगी. सहा वर्षांची.

दादा : ती तुमच्याबरोबर येणार आहे?

धाकटी : ...

दादा : बाई, सिग्नल हिरवा आहे.

धाकटी : नाही. सध्या नाही. म्हणजे सहायकाच्या व्हिसावर मूल नेता येत नाही म्हणून नाही, नाहीतर मी कशाला तिला...

दादा : पडली गाडी बंद. सकाळपासून चौथ्यांदा, याच वळणावर.

धाकटी : दादा, त्या सल्ला देणाऱ्या बाईंना मी परत एकदा फोन करू का? कारागिराच्या व्हिसाचं विचारते. त्यावर मूल नेता येतं.

दादा : आज रविवार आहे. आणि बाईंनी तीनदा सांगितलंय, कारागिराला पाच वर्षांचं काम दाखवावं लागतं.

धाकटी : माझं साडेपाच वर्षांचं होतं.

दादा : ते तुला आणि मला माहीत.

धाकटी : पहिली दोन वर्षं मी काय माशा मारत होते का? प्लास्टर कालवलं, साचे घासले, बोटांची सालं निघाली. मालकांच्या हाताखाली कोणी नव्हतं तेव्हा मी एकटी होते. आणि आता म्हणतात, पोरी, तेव्हा तू शिकत होतीस, ते कामात कसं धरू? दाखला दिला साडेतीनचा.

दादा : माणूस वाईट नाही तो, घाबरट आहे. अजून दीड वर्ष इथेच काढ म्हटलं असतं, तर त्यांनी लॅबच बंद करायला काढलीय. दुसरी लॅब इथे नाही. बाहेरगावी जाऊन शोधेपर्यंत तुझी पस्तिशी येणार, आणि पस्तिशीनंतर ते लोक नव्यानं कारागीर घेत नाहीत. किती वेळा दळलंय हे आपण या टेबलावर?

धाकटी : शिकायचा व्हिसा?

दादा : त्याची फी वाचून तूच कागद पालथा घातला होतास.

धाकटी : हं.

दादा : मी चौथा मार्ग सुचवलाच होता. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याशी लग्न.

धाकटी : आणि लग्नाची भेट म्हणून कवळी! नको बाबा. एकदा केलं तेवढं पुरे झालं.

दादा : बिट्टीच्या बापाच्या संमतीचा कागद लावलास ना? बिट्टी आमच्याकडे राहील म्हणून?

धाकटी : लावला. सही करायला बरोबर दहाच्या ठोक्याला हजर होता.

दादा : जन्मात पहिल्यांदा वेळेवर आला. मग आता राहतो हा एकच रस्ता. सहायक म्हणून जा. तिथलं दीड वर्ष ते कामात धरतात, म्हणजे साडेतीन आणि दीड, पाच पूर्ण. मग तुझा कारागिराचा व्हिसा, मग लगेच बिट्टीचा. लांबून आहे, पण रस्ता बंद तर नाही?

धाकटी : दीड वर्ष.

दादा : अठरा महिने. बघता बघता जातात.

धाकटी : तुझे जातील. तिचा खालचा दात हलतोय, बघितलास? आज-उद्या पडेल. त्याच्या शेजारचा महिन्याभरात. मग वरचे दोन. मग बोळकं घेऊन हिंडेल काही दिवस. आणि मग नवे येतात दादा, नव्या दातांच्या कडेला बारीक करवतीसारखे दाते असतात. थोडेच दिवस, मग झिजून सरळ होतात. ते सगळं होऊन गेलेलं असेल. लोकांचे दात घडवत बसणार मी, आणि माझ्या पोरीचं तोंड फोनवर बघणार.

दादा : तुझी वहिनी रोज फोटो पाठवेल.

धाकटी : तिला कुठला वेळ? आज रविवार असून पाळीवर गेलीय.

दादा : जाताना काय म्हणाली ठाऊक आहे? आपल्या दोन पोरांचे केस विंचरतेच आहे, तिसरं डोकं काही जड नाही.

धाकटी : बिट्टीच्या केसांचा गुंता तिला माहीत नाही. खालून सोडवत वर यावं लागतं, नाहीतर घर डोक्यावर घेते.

दादा : लिहून ठेव तसं.

धाकटी : लिहिलंय. पाच पानं झाली. ताप आला की पाय उघडे लागतात. दूध कोमट, गरम नाही. अंधाराला भीत नाही, पण दार पूर्ण लावायचं नाही.

दादा : आणि तिला काय सांगितलंयस?

धाकटी : आई पुढे जाऊन घर बघते, मग तू यायचंस.

दादा : किती दिवसांनी?

धाकटी : थोड्या.

दादा : थोड्या!

धाकटी : मग काय सांगू? काल आणि परवा यात गोंधळ होतो अजून तिचा. अठरा महिने कशात मोजून दाखवू तिला?

दादा : आणि जायच्या दिवशी? विमान सकाळी सातचं आहे म्हणजे घर चारला सोडावं लागेल.

धाकटी : तेच तर. बसल्या जागी तेच डोक्यात फिरत असतं.

दादा : माझं ऐक. उठवू नकोस. झोपेत असतानाच नीघ. सकाळी उठेल, थोडी रडेल, मी गाडीतून एक चक्कर मारून आणीन. दारात गळ्यात पडली ना, तर तुझा पाय निघायचा नाही. विमान काही तुझ्यासाठी थांबत नाही.

धाकटी : बाबा लांबच्या नोकरीवर गेले, तेव्हा आपल्यालाही नव्हतं उठवलं.

दादा : मग? काय बिघडलं आपलं?

धाकटी : तू त्यानंतर किती दिवस दाराला पाय लावून झोपायचास. आई उचलून आत न्यायची, तर परत जायचास.

दादा : लहान होतो मी.

धाकटी : आठ वर्षांचा होतास.

दादा : ...पुढचा प्रश्न घेऊ या का?

बिट्टी : मी घेते!

धाकटी : अगं! केव्हा उठलीस तू?

बिट्टी : मी झोपलेच नव्हते. झाकण मीच पाडलं.

दादा : आणि दारामागे किती वेळ उभी आहेस?

बिट्टी : उभी नव्हते. बसले होते. मामा, ऊठ तिथून. तुझा चष्मा दे. मी साहेब.

धाकटी : बिट्टी, पायात काहीतरी घाल. फरशी गार आहे.

बिट्टी : साहेबांशी असं बोलतात?

दादा : चुकलं साहेब. या, बसा. खाली उशी देऊ का?

बिट्टी : द्या. आणि तुम्ही आता मध्ये बोलू नका. हं. तुम्ही काय काम करता?

धाकटी : दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. साडेतीन वर्षं.

बिट्टी : हा बघा, माझा इतका हलतोय.

धाकटी : जिभेनं ढकलू नका साहेब. आपोआप पडू दे.

बिट्टी : आमच्या देशात का यायचंय?

धाकटी : तिथल्या लॅबनं सहायक म्हणून घेतलंय. पत्र जोडलंय.

बिट्टी : ऊन आहे म्हणून सांगायचं नाही.

धाकटी : नाही सांगणार.

बिट्टी : तुम्हाला मुलं आहेत का?

धाकटी : एक मुलगी. सहा वर्षांची.

बिट्टी : साडेसहा.

धाकटी : हो. साडेसहा.

बिट्टी : ती तुमच्याबरोबर येणार आहे?

धाकटी : नाही.

बिट्टी : मग कोण सांभाळणार तिला?

धाकटी : माझा भाऊ आणि वहिनी.

दादा : अरे वा! सरळ निघाली की गाडी! सकाळपासून माझा घसा बसला, आणि साहेबांनी दोन मिनिटांत... मारा साहेब, मारा शिक्का.

बिट्टी : थांबा. अजून एक प्रश्न आहे.

दादा : कागदावरचे तर सगळे झाले.

बिट्टी : हा कागदावर नाहीये. तुम्ही ज्या दिवशी जाणार ना, त्या दिवशी त्या मुलीला उठवणार का?

धाकटी : बिट्टी... इकडे ये बघू माझ्याजवळ.

बिट्टी : असं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं. उठवणार का?