अठ्ठ्याऐंशी किलोंचा ड्रायव्हर

(राजधानीतल्या द्वारका भागातल्या एका सोसायटीतलं घर, रविवारची सकाळ. श्रीरंग जेवणाच्या टेबलाशी, त्याची आई कुमुद ओट्याशी. श्रीरंगच्या कॉलेजच्या रेसिंग टीमची कॅप्टन नीला आत्ताच आली आहे.)

कुमुद: वजनकाटा आहे ना, पलंगाखाली आहे. पण सुट्टीच्या दिवशी सकाळी सकाळी वजनकाटा मागायला कोणी इतक्या लांब येतं का गं?

नीला: नाही काकू, म्हणजे, टीममध्ये सगळ्यांचंच वजन करतोय. रूटीन आहे.

श्रीरंग: सगळ्यांचं कधी केलं?

नीला: करणार आहोत ना यार. तुझ्यापासून स्टार्ट.

कुमुद: आधी पोहे खा दोघं, मग करा काय ते.

नीला: खाऊन नको काकू. खाण्याआधी केलं तर बरं.

श्रीरंग: काटा राहू दे. अठ्ठ्याऐंशी. दिवाळीत नव्वद होतो. आता बोल, काय झालंय?

नीला: काही नाही रे.

श्रीरंग: तू ‘काही नाही’ म्हणतेस तेव्हा काहीतरी तुटलेलं असतं. चेन गेली का?

नीला: गाडी एकदम फिट आहे. काल मानेसरला चालवली, स्पॉन्सरच्या पार्किंगमध्ये. तू कॉलेजात व्हायवा द्यायला अडकला होतास, म्हणून हरलीनला बसवलं.

श्रीरंग: बरं. मग?

नीला: फास्ट गेली.

श्रीरंग: कितपत?

नीला: तुझ्यापेक्षा. प्रत्येक राउंडला. चांगला दीड सेकंद.

कुमुद: ही हरलीन कोण?

श्रीरंग: ब्रेकचं काम बघते आमच्याकडे. इतकीशी आहे.

नीला: शेहेचाळीस किलो.

कुमुद: अच्छा. म्हणजे माझा मुलगा जाड आहे हे सांगायला तू मेट्रोने आलीस.

नीला: काकू, प्लीज. जाड कोण म्हणतंय? फक्त गाडीच्या हिशोबाने तो जरा, कसं सांगू...

श्रीरंग: जड आहे. आई, ती चुकीचं बोलत नाहीये. मागच्या वर्षी आमची गाडी चार सिलिंडरची होती, आठवतंय? ताकद भरपूर, पण इंजिनच केवढं. या वर्षी मी सगळ्यांच्या मागे लागून एकाच सिलिंडरचं घ्यायला लावलं, मोटरसायकलचं. ताकद कमी, पण वजन खूप वाचतं. आमच्या ट्रॅकवर नुसती वळणंच वळणं असतात, तिथे हलकी गाडी पुढे जाते.

नीला: याने प्रेझेंटेशन दिलं होतं काकू. सिनियर लोक हसत होते, सिंगल लावून काय दूध टाकायला जायचंय का म्हणून. याने कोणाचं ऐकलं नाही. याची शेवटची स्लाइड अजून वर्कशॉपच्या भिंतीवर आहे. ‘किलो कोणाचाही असो, ओढायचा इंजिनलाच असतो.’

कुमुद: आणि तेव्हा तू स्वतःला त्यात धरलं नव्हतंस?

श्रीरंग: नाही ना. बोल्ट पोकळ करून घेतले आम्ही. रंगाचासुद्धा एकच हात मारला. ड्रायव्हर कोणाच्या लक्षातच आला नाही.

कुमुद: इंजिनियर होणार आहात म्हणे. घ्या, पोहे खा आता.

नीला: बिल्कुल, काकू. मला पण काल रात्री तेच वाटलं.

कुमुद: पण मग आता काय म्हणणं आहे तुझं? हा चालवणारच नाही?

नीला: मोठी रेस दोघांनी अर्धी अर्धी चालवायची असते. पहिली जयंत चालवणार, ते पक्कं आहे. तो सडपातळ आहे. दुसरी अर्धी...

श्रीरंग: दुसरी अर्धी माझी होती. फिनिश लाइन मी क्रॉस करणार होतो.

कुमुद: होती, होतो, असं काय बोलतोयस? मी ऑफिसात रजा टाकलीय. विश्वासमामा नागपूरहून येतोय, कोपर्निकस मार्गाला सरकारी सदनात त्याची खोलीसुद्धा बुक केली मी. सगळ्या खानदानाला सांगून बसलेय की आमचा श्रीरंग ग्रेटर नोएडाला रेसमध्ये गाडी चालवणार.

नीला: म्हणूनच म्हटलं, श्रीरंग, तूच डिसाइड कर. कालचे टाइम फक्त माझ्याकडे आहेत. तू नको म्हणालास तर मी ते कोणाला दाखवणार नाही. तुझं तीन वर्षांचं काम आहे यार. पहिल्या वर्षी तर तू नुसते टायर ढकललेस.

कुमुद: थांब. हे असं नाही चालायचं.

नीला: काय काकू?

कुमुद: मी इतकी वर्षं सरकारी नोकरी करतेय, मला ही पद्धत चांगली माहीत आहे. नको असलेला निर्णय खालच्याच्या टेबलावर सरकवायचा, आणि वर म्हणायचं, बघा हं, तुम्हालाच विचारलं. कॅप्टन कोण आहे?

नीला: मी.

कुमुद: मग तू सांग. माझ्या पोराने स्वतःच स्वतःला गाडीतून उतरवायचं, हे बरं नाही दिसत. मी रागावलेली नाही. पण सांग.

नीला: हरलीन. श्रीरंग, हरलीन चालवेल. सॉरी. खरंच सॉरी.

श्रीरंग: ठीक आहे.

कुमुद: ठीक आहे काय?

श्रीरंग: ठीक नाहीये, आई. खूप वाईट वाटतंय. रोज रात्री झोपताना मी ती शेवटची वळणं डोक्यात घेत होतो. पण गणित माझंच आहे. सगळ्यांना लावलं आणि माझी पाळी आली की खोडून टाकायचं का?

कुमुद: तू ना, अगदी तुझ्या बाबांवर गेलायस. कुठे भांडायचं तेच कळत नाही.

श्रीरंग: नीला, एक सांग. काल मध्ये इंजिन बंद करून परत चालू करून बघितलंत?

नीला: पोहे छान झालेत काकू.

श्रीरंग: नीला.

नीला: बघितलं.

श्रीरंग: सुरू झालं?

नीला: नाही. तिने चारपाच वेळा बटण दाबलं, बॅटरी उतरली. मग आम्ही धक्का मारत आणली गाडी.

कुमुद: हे काय नवीन?

श्रीरंग: ड्रायव्हर बदलताना इंजिन बंद करावंच लागतं, आई, नियम आहे. मग दुसऱ्याने बसायचं, चालू करायचं आणि निघायचं. त्याला तीन मिनिटं मिळतात. चार सिलिंडरचं कसं, एकाने नाही उचललं तर दुसरं उचलतं. आमचं एकटंच आहे. तापलेलं असताना बंद केलं की रुसून बसतं. दर वर्षी सिंगलवाल्या दोनतीन टीम तिथेच उभ्या राहतात. रेस तिथेच संपते त्यांची.

कुमुद: आणि तुझ्या हातून सुरू होतं?

नीला: याच्या हातून नेहमी होतं.

कुमुद: मग हे तू आधी का नाही सांगितलंस?

नीला: सांगितलं असतं तर हा म्हणाला असता, मग मीच चालवतो. आणि सगळे हो म्हणाले असते. मी पण.

कुमुद: झालं तर मग. अहो कॅप्टन, विषय संपला. वजन असेल जास्त, पण गाडी सुरू तर होईल. श्रीरंग, बोल ना.

श्रीरंग: एक मिनिट, आई.

कुमुद: अरे, आयतं कारण मिळालंय तुला. खोटं पण नाही. घे की.

श्रीरंग: घेतलंच होतं, आई. आत्ता मनात घेऊन बघितलं. पण चालू कसं करायचं ते शिकवता येतं. वजन नाही शिकवता येत.

नीला: आठवडा राहिलाय फक्त.

श्रीरंग: खूप झाला. अवघड काही नाही. ॲक्सिलरेटरला हात... पाय लावायचा नाही. पंपाचा आवाज पूर्ण थांबू द्यायचा. मग एकदाच दाबायचं, आणि दाबून धरायचं. सगळे घाबरून लगेच सोडतात आणि परत दाबतात, तिथेच घोळ होतो. हरलीन घाबरते का?

नीला: कोण नाही घाबरणार? मागे घड्याळ चालू असतं.

श्रीरंग: ड्रायव्हर बदलताना तिसरा माणूस आत जाऊ शकतो ना? बेल्ट बांधायला?

नीला: हो, एक जण. मी जाणार होते.

श्रीरंग: ती जागा मला दे.

नीला: घे. घे ना यार, विचारतोस काय.

कुमुद: म्हणजे तू तिथे नक्की काय करणार?

श्रीरंग: तिला आत बसवायचं. पट्टे आवळायचे. मग तिच्या हेल्मेटपाशी वाकून सांगायचं, थांब, थांब, अजून नाही. आणि मग सांगायचं, आता.

कुमुद: आणि सुरू झाली, की?

श्रीरंग: मग बाजूला व्हायचं, आई. गाडीला जायचं असतं.