फादरची ताई

अंगठ्याला टाके घालून घ्यायला आलेल्या प्लंबरला शेजारचं बोलणं ऐकायचं नव्हतं, पण कानांना काही झाकणं नसतात. ऑपरेशनची वाट बघत चाकांच्या खुर्चीत एक म्हातारे फादर बसले होते आणि जवळ त्यांची थोरली बहीण.

"ताई, भीती वाटतेय गं."

"तुला? जन्मभर लोकांना स्वर्गाची हमी देत फिरलास आणि स्वतःची पाळी आली तर पाय लटपटतात?"

"हमी नव्हे, आशा देत होतो."

"मग तसं आधी सांगायचंस की! बिचारे बिनघोर मेले."

"हसू नकोस. काल प्रार्थनेला बसलो तर शब्दच फुटेना. पलीकडे ऐकणारं कुणी नसेलच तर?"

"हेच मी म्हटलं, तेव्हा किती दिवस अबोला धरला होतास!"

"आज तूच माझ्यासाठी प्रार्थना कर."

"माझा विश्वास नाही, माहितेय ना?"

"आज माझाही डळमळलाय. कर."

ताईने चष्मा काढून डोळे मिटले.

"हे बघ देवा, आपली ओळख नाही. पण या माझ्या धाकट्या भावाने जन्मभर तुझी चाकरी केलीय. असलास, तर आत याचा हात धर. नसलास, तर बाहेर मी बसलेय."

फादरांनी ताईचा हात घट्ट धरला.

"आमेन," प्लंबरच म्हणून गेला.