मनातल्या मनात दहा

...दहा आकडे हो, जास्त नाही, तेवढा वेळ माणसानं तोंड मिटायचं, यात अवघड काय, तुम्हीच सांगा... पण आमचे शेजारी नत्थूजी! पांढुर्ण्याच्या मंडीत छत्तीस वर्षं कापूस तोलला, छातीत एवढा साठला की एक गादी भरून निघावी, आणि आता ओट्यावरून फाटकापर्यंत गेले तरी भात्यासारखे वाजतात. सौंसरच्या डॉक्टर प्रज्ञाबाईंनी तोंडानं औषध ओढायचा दम्याचा पंप दिला, समजावलं, आधी सगळा श्वास सोडा, ओठ घट्ट लावा, दाबता दाबता हळू ओढा, मग दहा मोजेपर्यंत श्वास धरा.

नत्थूजींनी घरी येऊन दाबलं, ओढलं आणि मोजलं... मोठ्यानं! "लाभ... दोन... तीन..." तोलणारा पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, आणि लाभ म्हणताच औषध धूर होऊन बाहेर. भिंतीवरच्या पालीचा दमा बरा झाला असेल, यांचा कसा होणार? बायको केसरबाई म्हणाल्या, मनात मोजा. तर म्हणे, "तोलनाऱ्यानं मनात मोजनं म्हनजे चोरी होय." दहा आकडे हो, जास्त नाही...

तीन महिने पालीवर उपचार चालले. ओठ निळे पडले, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिन्याभरात फरक नाही पडला तर घरी ऑक्सिजनचं यंत्र, नाकात नळी, मंडीच्या चौकातली बैठक कायमची बंद. नत्थूजी पहिल्यांदा घाबरले. मग डॉक्टरीणबाईंनीच तोड काढली, मोजायचं काम केसरबाईंकडे.

आता बघा, त्रेचाळीस वर्षांत ज्या बाईचं एक वाक्य यांनी पुरं होऊ दिलं नाही, तिच्यासमोर हे श्वास कोंडून, गाल फुगवून बसलेले.

"एक," केसरबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "तुमच्या मायनं मले लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी शिळी भाकर वाढली. तुमी पाहून राहिले होते." नत्थूजींचे डोळे बाहेर. "दोन. बाळंतपनात..." दहा आकडे हो, जास्त नाही, पण एकेका आकड्याला चार-चार वर्षं!

महिन्याभरात छाती मोकळी. डॉक्टरीणबाई खूश, म्हणाल्या, एवढा श्वास धरणारा पेशंट आख्ख्या तालुक्यात नाही, चालू ठेवा, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर.

घरी येऊन नत्थूजी हळूच म्हणाले, "आता मनात मोजू काय मी?"

"राहू द्या. आता कुठं तुमच्या मोठ्या बहिनीवर आली मी."

नत्थूजींनी पंप हलवला आणि मुकाट्यानं सगळा श्वास सोडला.