खालच्या शाळेचा टीव्ही

(आचऱ्यापासून आत, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडच्या वाडीतली चौथीपर्यंतची शाळा. रविवारची दुपार. व्हाळापलीकडच्या वरच्या शाळेतल्या सारिकाबाई बाकावर चढून भिंतीवरच्या टीव्हीचे स्क्रू काढत आहेत. आज इथे कुणी येऊ नये, निदान लवू तरी येऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि दारात लवूच उभा आहे. त्याची मुलगी अपेक्षा जाऊन चौदा दिवस झालेत.)

लवू : तो स्क्रू ड्रायव्हर ठेवा खाली, बाई. बाक हलता हा. पडशात.

सारिकाबाई : दोनच राहिलेत. तुम्ही कशाला आलात चिखल तुडवत? घरात बसायचं ना.

लवू : घरात बसान काय करू? सत्यवानाची आवस खिचडीची भांडी घासूक इल्ली, तिना सांगल्यान, बाई टीव्ही काढतत.

सारिकाबाई : काढतेय. उद्या तालुक्याला परत पाठवते. टॅबही सगळे गोळा करणार. त्याबरोबर माझा अर्ज जाईल. बदलीचा.

लवू : आणि पोरा?

सारिकाबाई : वरच्या शाळेत येतील.

लवू : व्हाळातसून? पयलीतली आकांक्षा माज्या कमरेक लागणा नाय. तिच्या गळ्याइतक्या पाणी आसा थंय. जूनात हंयल्या गुरुजींची बदली झाली, दुसरो कोण इलो नाय. तेवा हंयच उभ्या रवान तुमी सांगल्यात, मी वरच्या शाळेतसून टीव्हीवर शिकवतंय, पण ही शाळा बंद पडूक देवचंय नाय. आमी सगळ्यांनी टाळयो वाजवल्याव.

सारिकाबाई : वाजवल्यात. पेपरात फोटोही आला माझा. एक बाई, दोन शाळा. साहेब लोक गाड्या घेऊन बघायला आले, त्यांना शहाळी तुम्हीच काढून दिलीत.

लवू : बऱ्या कामाक दिलंय. ता काय वायट नव्हता. माज्या चेडवाक भागाकार येय होतो काय? तिसरीत असताना गुरुजींनी फळ्याकडे बोलावल्यानी काय पोटात दुखाक लागा. ह्या वर्षी टॅबवर तोच भागाकार चार चार वेळा लावी. रात्री जेवताना म्हणाली, बाबा, दुसऱ्यांदा विचारला काय बाई वैतागतत, ह्यो वैतागणा नाय.

सारिकाबाई : मी वैतागायचे?

लवू : वायच, जरासा.

सारिकाबाई : खरं आहे. चार वर्ग तिथे, चार इथे. वैतागायचेच.

लवू : शेवटच्या आठवड्यात माजो काजूचो हिशोब तिना केल्यान. कागदार. उत्तर बरोबर. म्हणान सांगतंय, काढू नकात.

सारिकाबाई : मला बघवत नाही त्याच्याकडे. तुम्हाला कसं बघवतं?

लवू : माका बघूचो लागणा नाय. माज्याकडे तिचो टॅब आसा. पावणेदहा वाजले काय बोलाक लागता. अपेक्षा, तू काल आली नाहीस. चल, आज अभ्यास करूया. परवा म्हणता, तुझे तारे कमी झाले.

सारिकाबाई : देवा. तो बंद का नाही केलात? मी येऊन केला असता.

लवू : सीता करूक देणा नाय. चार्जिंगला लावन ठेवता. म्हणता, आख्ख्या वाडीत तेवडोच एक आसा, जो तिका नावान हाक मारता. आमी सगळे नाव घेवक घाबरतो ना. मी तिका काय सांगू? बारावो झालो, पावणे गेले. आता पावणेदहा वाजले काय ती हातातला काम टाकून टॅबाच्या फुडे जावन बसता.

सारिकाबाई : लवूदा, मला तुम्हाला एक सांगायचंय. सांगितल्यावर तुम्हीच म्हणाल, काढा तो टीव्ही.

लवू : सांगा.

सारिकाबाई : तो बुधवार. ती या दुसऱ्या बाकावर बसली होती. मला वरच्या शाळेतल्या टीव्हीवर, इथल्या कॅमेऱ्यातून दिसत होती. डोळे लाल होते तिचे.

लवू : लेप्टोच्या तापात होतत. डॉक्टर म्हणालो.

सारिकाबाई : मला वाटलं, रंग बिघडला. आदल्या आठवड्यात वीज पडली ना, तेव्हापासून चित्र लालसर यायचं. मी रिमोट घेतला आणि लाल रंग कमी केला. तिचा चेहरा नीट दिसेपर्यंत कमी करत गेले. मग म्हटलं, हां, आता छान दिसतेस. आणि सतराचा पाढा घेतला.

लवू : कमी केल्यात.

सारिकाबाई : हो.

लवू : मगे बाकीची पोरा कशी दिसली?

सारिकाबाई : हिरवट.

लवू : तुमी बघल्यात ता?

सारिकाबाई : बघितलं. क्षणभर वाटलंही, हे काहीतरी चुकतंय. पण समोर वरच्या शाळेतली एकोणीस मुलं, पडद्यावर इथली सात, घड्याळात साडेअकरा. पुढे शिकवत राहिले. गुरुवारी ती शाळेत चक्कर येऊन पडली तेव्हा रिमोट अजून माझ्या टेबलावरच होता.

लवू : वायच गप रवा, बाई.

सारिकाबाई : मला शिव्या द्या, पण बोला काहीतरी.

लवू : पाणी आसा काय?

सारिकाबाई : माठ रिकामा आहे. माझ्या बाटलीतलं घ्या. सगळं प्या.

लवू : ह्या कोणाक सांगल्यात?

सारिकाबाई : कुणालाच नाही. अर्जात लिहिलं होतं, मग ते पान फाडलं आणि घरची अडचण असं लिहिलं. माका समजाक होया होता, लवूदा. मी हंय वर्गात आसलंय असतंय तर तिका हात लावलंय असतंय. ताप हाताक कळलो असतो.

लवू : तुमी मालवणी बोलतास?

सारिकाबाई : बांद्याची मी. घरात हीच भाषा. शाळेत बोलत नाही, एवढंच.

लवू : चेडवान सांगला नाय माका कधी.

सारिकाबाई : तिला तरी कुठे ठाऊक होतं? पडद्यावरच्या बाईबद्दल मुलांना काय कळणार.

लवू : आता माजा ऐका. तुमी कागद फाडल्यात, माज्याकडे फाडूक कागद पण नाय. त्या रविवारी आमची लावणी होती. माणसा कमी. मीच तिका म्हटलंय, ये गो, दोन मुठी लाव. दिवसभर अनवाणी चिखलात होती. बुधवारी सकाळी म्हणाली, बाबा, पोटऱ्यो दुखतत. मी म्हटलंय, लावणी केल्यार माज्या पण दुखतत. हसलंय वर.

सारिकाबाई : कुणालाही तसंच वाटलं असतं.

लवू : सीतेक नाय वाटला. ती म्हणाली, आंग गरम लागता, आज घरात रवांदे. तर चेडू रडाक लागला. चाळीस दिवस खाडो नाय, आज टॅब सोनेरी तारो देतलो म्हणान. मी सीतेक सांगलंय, जावंदे गो. थंय सुकी बसात. बाई कॅमेऱ्यातसून बघतत, काय झाला तर त्येंका दिसात.

सारिकाबाई : मला दिसलं होतं.

लवू : माका पण दिसला. दप्तर मीच चढवलंय तिच्या पाठीर. डोळे लाल, म्हटलंय रडली म्हणान. माज्या हातात रिमोट नव्हतो, बाई.

सारिकाबाई : सीताताईंना माहीत आहे, तुम्ही असं म्हणालात ते?

लवू : तिच्या फुड्यातच म्हटलंय ना. ती अजून माका ताट वाढता, पाणी ठेवता. गोव्याच्या हॉस्पिटलात नेला तेवा गाडीत चेडवाचा डोक्या तिच्या मांडयेर होता. डॉक्टरान माका भायर नेवन सांगल्यान, दोन दिवस आदी आणलास असतास तर. ता मी सीतेक अजून सांगूक नाय. आज पयल्यांदा तोंडातसून काढतंय.

सारिकाबाई : मला का सांगितलंत?

लवू : तुमी माका सांगल्यात म्हणान. द्या ते स्क्रू हिकडे. आणि उतरा खाली.

सारिकाबाई : लवूदा, नको.

लवू : उतरा. टीव्ही रवतलो. पण दोन गोष्टी करूच्यो. आठवड्यातसून तीन दिस तुमी हंय येवचा, थंयच्या पोरांनी टीव्हीवर बघूचा. सत्यवान वळश्याच्या रस्त्यान मोटरसायकलीन तुमका न्हेतलो आणतलो, मी बोलतंय त्येच्याकडे. आणि जेवा तुमी वर, तेवा रोज एकेका पोराची आवस नाय तर बापूस हंय बसतलो. कोण पोर कसा दिसता ता टीव्हीक कळाचा नाय.

सारिकाबाई : साहेब मान्य करणार नाहीत.

लवू : करतले. शहाळी पिवन गेलेत.

सारिकाबाई : आणि सीताताई? त्या यायच्या का इथे?

लवू : ठाऊक नाय. माजो कौस्तुभ फुडच्या जूनात पयलीत येतलो. तेवा तरी येवक लागतलाच. हंय बसूचो पयलो दिस माजो. ह्यो वरचो स्क्रू झिजलो हा, वायच सुतळी द्या.

सारिकाबाई : ही घ्या. अर्जाचं काय करू मी? उद्याची तारीख टाकलीय.

लवू : तुमचो अर्ज. तुमीच बघा.

सारिकाबाई : उद्या पावणेदहाला त्या दुसऱ्या बाकासमोर उभं राहायचं. कोणत्या तोंडाने उभी राहू? तुम्हीच सांगा, लवूदा.

लवू : माका विचारू नकात, बाई. मी पण रोज सांजचो घराक जातंय, सीतेच्या फुड्यात उभो रवतंय.